मावशीचं यकृत

९ जानेवारी

तीर्थस्वरूप मावशीस,
घोटूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो-हो करते आणि खरं काही सांगत नाही, म्हणून पत्रच लिही, असा तुझा हुकूम. तर घे खरं. मला काहीही समजत नाहीये.

इथे आम्ही माणसाचं शरीर शिकतो, पण माणूस उघडून नाही. एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी यांत जे काय दिसेल त्यावरून. पुस्तकात यकृत तपकिरी, पित्ताची पिशवी हिरवी, रक्तवाहिन्या लाल-निळ्या, सगळं कसं छान रंगवलेलं. पडद्यावर मात्र सगळं राखाडी. मॅडम म्हणतात, बघा, ही किडनी. सगळा वर्ग माना डोलावतो, म्हणून मीही डोलावते. मला तिथे धुकं दिसतं आणि धुक्याच्या मागे आणखी धुकं. माझ्या खोलीतली मुलगी तेच चित्र पेपर वाचावा तसं घडाघडा वाचते.

त्यात डाव्या-उजव्याचा घोळ. चित्र असं लावतात की जणू माणूस आपल्यासमोर तोंड करून आहे, म्हणजे त्याची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे. सीटीत तर माणसाचे आडवे काप, आणि तेही पायांकडून पाहिलेले. मी मनातल्या मनात त्या माणसाला फिरवते, मग स्वतः फिरते, आणि शेवटी कोण कुठे तोंड करून आहे तेच कळेनासं होतं. घोटाळे करते म्हणून तू मला घोटू म्हणायला लागलीस, ते नाव इथे सगळ्यांना न सांगताच कळलंय.

आता मुद्द्याचं. दोनदा मी बाजू चुकले, एकदा गुडघ्याची, एकदा किडनीची. मॅडमनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, अवयव ओळखता आला नाही तर शिकवता येतो, पण आपण जी बाजू लिहितो तिथेच सर्जन सुरी चालवतो. तिसऱ्यांदा चुकलीस तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाही. म्हणजे वर्ष बुडालं, आणि बहुधा मीही. मला हे शिकायचंय गं मावशी. समजत नसलं तरी शिकायचंय.

महिनाअखेरीला सराव आहे. प्रत्येकीने ओळखीचं एक माणूस आणायचं आणि त्याच्या पोटाची सोनोग्राफी करायची. त्यात किरण नाहीत, सुई नाही, नुसती थंडगार जेली. येशील का? परक्या माणसासमोर मी आणखीच चुकते.

आईला यातलं काही कळवू नकोस. रागव हवं तर, पण लोभ कापू नकोस.

तुझी,
घोटू


१५ जानेवारी

चि. घोटूस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या काकांनी आधी वाचलं आणि चष्मा पुसत बसले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

येते की. मात्र मला आश्चर्य अजिबात वाटलं नाही. एवढ्या वर्षांत मी अख्ख्या गावाला गाडी शिकवली. ज्यांना सायकल धड येत नव्हती ते आता हॉर्न वाजवत माझ्याच पुढून जातात. एक तू राहिलीस. मी डावीकडे वळ म्हटलं आणि तू थेट लाँड्रीच्या दारात गाडी घातलीस, ते तो लाँड्रीवाला अजून विसरलेला नाही. माझी गाडी दिसली की इस्त्री खाली ठेवून आत पळतो.

पण एक सांगते. डावं-उजवं चुकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती घाबरली की जास्त चुकतात, आणि चुकली की जास्त घाबरतात. तुझ्या मॅडमना हे माहीत नसेल तर मी येऊन सांगू का? नको म्हणशील, म्हणून विचारते आहे.

तशीही मला डॉक्टरकडे जायचंच होतं. जेवण झालं की बरगडीखाली कळ येते. इथल्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलंय, गुलाबी, खडूच्या चवीचं. काका म्हणतात, गाडीत बसून बसून होतंय. ते स्वतः दिवसभर घड्याळं दुरुस्त करत बसतात, त्यांना मात्र काही होत नाही.

जेवत जा. आशीर्वाद भरपूर आहेत, काटकसर न करता वापर.

तुझी,
मावशी


३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, मला पैकीच्या पैकी गुण मिळाले! मॅडम म्हणाल्या, वर्गातलं सगळ्यात स्वच्छ चित्र. खोलीतल्या मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

तू गेल्यापासून सांगायचं होतं की त्या दिवशी माझी काय तंतरली होती. मशीनची वायर भिंतीपर्यंत पोचेना, म्हणून तुझा पलंग उलटा फिरवला होता, डोकं खिडकीकडे. आम्ही नेहमी बसतो त्याच्या विरुद्ध अंगाला मी बसले. झालं, डोक्यातला सगळा नकाशा विस्कटला. मी तुझ्या उजव्या बाजूला प्रोब, म्हणजे जेलीवरून फिरवायचा तो दांडा, ठेवला आणि बघते तर यकृत नाहीच. किडनीच्या वर एक लहानसं, स्वल्पविरामासारखं काहीतरी. ती तर प्लीहा, डाव्या बाजूला असते ती. म्हणजे मी पुन्हा चुकीच्या बाजूला! घाम फुटला. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी गुपचूप पलीकडे सरकले, आणि तिथे यकृत, हे एवढं ऐसपैस, त्याच्या पोटाशी किडनी. मी देवाचे आभार मानले, चित्र जतन केलं आणि वर लिहिलं, उजवी बाजू.

मॅडम तेवढ्यात आल्या, पडद्यावर नजर टाकली आणि खांदा थोपटून पुढे गेल्या. तू मान उंचावून विचारत होतीस की हे काय, आणि मी ऐटीत सांगितलं की हे तुझं यकृत, इथे. आठवतं ना?

पित्ताची पिशवी मला काही नीट बघता आली नाही, वेळ संपला. तुझी कळ कशी आहे ते कळव.

काकांना नमस्कार. माझ्यावरचा विश्वास थोडा वाढवलास तरी आता हरकत नाही.

तुझी,
घोटू


१२ फेब्रुवारी

चि. घोटूस,
अनेक आशीर्वाद.

गुण कळले. मी गाडी थांबवून शिकणाऱ्या बाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या ब्रेकवरचा पाय काढून टाळ्या वाजवायला लागल्या, म्हणून वाचन आवरतं घ्यावं लागलं.

कळ मात्र वाढली आहे. परवा उभी राहता येईना. काका मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, तरुण आहे, केस नीट विंचरलेला. त्याने विचारलं, कुठे दुखतं? मी डावीकडे बरगडीखाली बोट ठेवलं आणि शहाणपणाने म्हटलं की इथे माझं यकृत आहे, तेच दुखत असेल. तो हसायला लागला. म्हणाला, यकृत उजवीकडे असतं. मी म्हटलं, माझ्या भाचीने मशीनवर बघून इथेच दाखवलं. तर म्हणतो कसा, भाची कुठे शिकते? मला असा राग आला! मग त्याने नळी लावून छाती तपासली, बराच वेळ इकडेतिकडे केली आणि म्हणाला की ठोके फार बारीक ऐकू येतात, वजन कमी करा. औषध तेच, गुलाबी.

घोटू, मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. तू हात ठेवला होतास ती बाजू डावीच. गिअरचा हात ज्या अंगाला, तीच. तुला डावं-उजवं चुकेल, मला चुकत नाही, माझं पोट त्यावर चालतं. मग तू मला सांगितलंस ते काय? मी काय समजू? त्या मुलापुढे मी तुझी बाजू घेतली, पण मनातून मीही गोंधळले आहे.

लवकर लिही. आशीर्वाद आहेतच, या वेळी जरा काळजी मिसळलेले.

तुझी,
मावशी


१६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला मला जमणार नाही, मी डाव्याचं उजवं बोलून बसेन. म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचल्यापासून मी कँटीनच्या टेबलावर कागद मांडून तुझा पलंग काढते आहे. खिडकी इथे, मशीन इथे, तुझं डोकं इथे, मी इथे. तू म्हणतेस ते खरं असेल तर मी यकृत डावीकडे पाहिलं. असं असू शकत नाही. मग मी किडनी आणि प्लीहा यांनाच यकृत म्हटलं का? पण मग मॅडमना ते स्वच्छ कसं दिसलं? की पलंग फिरवलाच नव्हता? मी चारदा चित्र काढलं आणि चारही वेळा यकृत डावीकडेच आलं. मला आता माझ्याच हाताची खात्री वाटत नाही.

एवढं मात्र कळतंय की चित्रावर लिहिलेली बाजू चुकली आहे. म्हणजे तिसरी चूक. न सांगता राहिले तर कुणाला कळणारही नाही, गुण वहीत चढलेत. पण तुला तिथे दुखतंय, आणि तो केस विंचरलेला डॉक्टर गुलाबी औषध देत बसलाय. मी पत्र इथेच ठेवून मॅडमकडे जाते.

जाऊन आले. सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. मॅडम रागावल्या नाहीत, त्यानेच मला जास्त भीती वाटली. त्यांनी माझं चित्र उघडलं आणि मोठं करून पाहिलं. म्हणाल्या, हे यकृतच आहे, आणि उभ्या चित्रात ते डावीकडून घेतलं काय की उजवीकडून, दिसणार सारखंच. वर लिहिलेली बाजू हीच काय ती खूण. मग विचारलं, पहिल्या बाजूला नक्की काय दिसलं होतं. मी म्हटलं, स्वल्पविरामासारखं. त्या खुर्चीवरून उठल्याच. तुला ताबडतोब घेऊन यायला सांगितलंय. म्हणाल्या, लाखात थोडी माणसं अशी असतात की त्यांचं आतलं सगळं आरशातल्यासारखं उलट असतं, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळत नाही.

परीक्षेचं विचारायचं धाडस झालं नाही.

निघ. काकांना आत्ताच फोन करून तुला आणायला सांगते, हे पत्र फक्त कारण कळावं म्हणून. गाडी तू चालवू नकोस. माझ्यावर चिडून का होईना, पण ये.

तुझी,
घोटू


२ मार्च

चि. घोटूस,
काकांचे आशीर्वाद.

तुझी मावशी शुद्धीवर आहे आणि बोलते आहे, म्हणजे ठीक आहे. ऑपरेशननंतर ती झोपेत होती, तुला नीट भेटू दिलं नाही आणि तुला वर्गात परतावं लागलं, म्हणून हे मी लिहितो. मला लिहायची सवय नाही.

पित्ताच्या पिशवीत खडे होते, पिशवी काढली. सगळं उलट, अगदी हृदयसुद्धा. सर्जन म्हणाले, रोजच्या जागी उभं राहून चालेना, तेव्हा सगळी मंडळी पलंगाच्या पलीकडे गेली आणि सरावाचे हात नव्याने शिकल्यासारखे चालवावे लागले. आणखी थोडे दिवस गेले असते तर पिशवी फुटली असती, असंही म्हणाले. मी ते तिला सांगितलेलं नाही.

मी घड्याळवाला माणूस. इतकी वर्षं जेवायला या बाईच्या उजव्या हाताला बसलो, तिचं हृदय माझ्याच बाजूला आहे हे मला माहीत नव्हतं. वेड्यासारखं वाटतंय.

तुझ्या मॅडम पॅसेजमध्ये भेटल्या. मी तुझ्या परीक्षेचं विचारलं. म्हणाल्या, अजून ठरवलेलं नाही. मी हात जोडले.

माया आहे, ती लिहून दाखवता येत नाही.

तुझे,
काका


३० मार्च

तीर्थस्वरूप मावशीस आणि काकांस,
शि. सा. न. वि. वि.

टाके सुकले आणि तू गाडीतल्या लोकांना पुन्हा ओरडायला लागलीस, हे काकांनी कळवलं. ऐकून मला जेवण गेलं.

मॅडमनी त्या चित्राचे सगळे गुण काढून घेतले. बाजू चुकली ती चुकली, म्हणाल्या. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलावून सांगितलं की बसायची परवानगी आहे, पण एका अटीवर. डोळ्यांना दिसलं ते सोडून पुस्तकाप्रमाणे असायला हवं ते पुन्हा कधी लिहायचं नाही. मी हो म्हटलं, आणि जिन्यात बसून रडले.

परीक्षेत मला एक आजोबा मिळाले, पांढऱ्या भुवयांचे. पलंगाचं डोकं कुठे, खिडकी कुठे, मला काही म्हणता काही सुचेना. शेवटी लाज सोडून मी त्यांनाच विनंती केली की आजोबा, जरा उजवा हात वर करता का. त्यांनी एक हात वर केला. मग तो खाली घेऊन दुसरा केला. मग दोन्ही वर धरून माझ्याकडे केविलवाणे बघत राहिले. म्हणाले, पोरी, मला हे लहानपणापासून येत नाही, बायको असती तर सांगितलं असतं.

मावशी, मी हसले आणि माझी भीतीच गेली. मी त्यांच्या उशाशी पायांकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे माझा लिहिता हात तोच त्यांचा उजवा, आणि मग त्यांच्या छातीवर तळवा ठेवला. ठोका एका बाजूला जोरात लागला. मग दुसऱ्या बाजूच्या बरगड्यांवर प्रोब ठेवला, आणि त्या राखाडी धुक्यात यकृत होतं, ऐसपैस. घाई केली नाही. पलीकडेही जाऊन स्वल्पविराम बघून आले. मग मी लिहिलं, उजवी. आजोबांचे दोन्ही हात अजून वरच होते, ते मीच हलकेच खाली ठेवले.

मी पास झाले.

तुम्हा दोघांचा लोभ असाच राहू दे, कुठल्याही बाजूने आला तरी चालेल.

तुमची,
घोटू