रंधा मारलेली फळी

ती. बाबा, तुमच्या धाकटीचा नमस्कार.

वसतिगृहात जेवण बरं आहे, झोपही होते. आईला एवढंच सांगा.

तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी इथे शाळेत सगळ्याजणी वह्यांच्या वह्या भरतात. मला मात्र तुमचं सुतारकामाचं दुकान आठवतं. मी फळीवर गणित सोडवायचे, सकाळी तुम्ही त्यावर रंधा मारून सगळं तासून टाकायचात आणि म्हणायचात, "आता न बघता सोडव." कसली चिडायचे मी!

परवाच्या सरावपरीक्षेत मार्क घसरले. काळजी नको, चुकलेली पानं फाडून पुन्हा पहिल्यापासून बसलेय.

तुमचा खोकला कसा आहे?

निघायच्या दिवशी मी लिहिलेली फळी तशीच आहे का हो? असेल तर हात लावू नका. उत्तर चुकलंय, ते इथे आल्यावर कळलं. यावेळी रंधा मी मारणार.

तुमची,
धाकटी