वर्गातली केस

आईस, कल्याणहून स्वप्नाचा जयभीम.

मी बरी आहे, फक्त शिकवून शिकवून घसा बसलाय. लॉ कॉलेजात हल्ली मुलांकडून खोट्या केसेस चालवून घेते. मुलं वकील होतात, मी अशील. काल मी विधवा बाई झालेले, दीर घर नावावर करून मागतोय. सगळे मला कायदाच समजावत बसले. शेवटी प्रियांका नावाच्या मुलीने विचारलं, "मावशी, घरी सोबतीला कोण असतं?"

मी तास तिथेच संपवला. केस तुझीच होती गं, नावं तेवढी बदललेली. प्रियांकाला पैकीच्या पैकी मार्क दिले.

गुडघा कसा आहे? काका परत आलेले का? कशावरही सही करू नकोस. परीक्षा संपेपर्यंत मला सुट्टी नाही.

खरं सांग, घरी सोबतीला कोण असतं?

तुझी,
स्वप्ना