कात्री मीच लपवायचे

नाना, आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे, आणि चिडायला तुम्ही समोर नाही म्हणून आणखीच चिडले आहे. सकाळी डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. घरून काम करता ना, मग तासातासाला उठत जा, म्हणाल्या. मी सांगितलं, कामाच्या नादात लक्षातच येत नाही हो. बोलले आणि जीभ चावली, कारण हे तुमचं वाक्य. नाक तुमचं घेतलं, रंग तुमचा घेतला, आता पायही घ्यायचे राहिले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. कोपरगावच्या बाजारातला गाळा मालकाने परत मागितला आणि तुमचं शिलाई मशीन हातगाडीवर बसून आपल्या घरी आलं. पुढच्या खोलीत, खिडकीशी. मी नववीत होते. नाना आता दिवसभर घरी, म्हणून मी काय हरखले होते! पण खरं सांगू का, मशीन घरी आलं, तुम्ही नाही आलात. दुकान होतं तेव्हा चालत जायचात, चालत यायचात, मधे चहाला टपरीवर उठायचात, आणि शटर ओढलं की काम संपायचं. घरात शटर कुठलं ओढणार? तोंड धुतलं की मशीनवर, चहा तिथेच, जेवण तिथेच. त्यात शेजारीपाजारी 'घरीच तर आहात' म्हणून कुणी दळणाचा डबा ठेवून जाई, कुणी रांगतं पोर. तुम्ही कुणालाच नाही म्हणायचा नाहीत आणि कुणाकडे वर बघायचाही नाहीत. मी शाळेतलं काही सांगायला आले की 'हं' म्हणायचात, पण ते हातातल्या कॉलरला.

वर्षाच्या आत पाय असे सुजले की चपलेचा पट्टा लागेना. आईने ओढतच दवाखान्यात नेलं, मीही होते. डॉक्टर म्हणाले, उठत जा, चालत जा. तर तुम्ही त्यांनाच समजावताय, "सायब, दिवसभर पायच तर चालवतोय की मी." डॉक्टर हसले नाहीत. मशीनचं पायडल म्हणजे चालणं नव्हे, असंच बसून राहिलात तर वर्षभरात मशीन सोडून खाटेवर बसावं लागेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. येताना आईच्या डोळ्यांत पाणी, आणि तुम्ही वाटेतल्या एका दुकानासमोर थांबून बटणांचा रंग जुळवताय. मला तुमचा इतका राग आला होता, आणि भीती त्याहून जास्त.

सांगून तुम्ही उठणार नव्हता. कात्रीसाठी मात्र उठलाच असतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी कात्री लपवायला लागले. कधी माठामागे, कधी गव्हाच्या कोठीवर, कधी परसातल्या धुण्याच्या दगडापाशी. तुम्ही कुरकुरत उठायचात, दोन खोल्या आणि परस पालथं घालायचात, सापडली की येऊन बसायचात. मी रद्दीवर कापायला घेते आणि कुठेही टाकते, असं तुम्ही धरून चालला होतात. तासाभराने टेप गायब. एकदा वैतागून तुम्ही कात्री नाडीने मशीनला बांधली, तर मी खडू उचलला. आईला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने फक्त तुमचा चहा मशीनवर न्यायचं बंद केलं. चूल सोडून येता येत नाही म्हणाली, या इकडेच. किती साळसूद बाई!

याची किंमत मला जूनमध्ये मोजावी लागली. मला कटिंग शिकायचं होतं, तुम्हाला ठाऊक होतं. रद्दी पेपरावर मी बाह्या कापून ठेवायचे, तुम्ही एकदा त्या उचलून उजेडात धरल्या होत्या आणि शाळेच्या गणवेशांपासून सुरू करू म्हणाला होतात. मी त्या शब्दावर दोन महिने तरंगत होते. पण ऐन गणवेशांच्या गर्दीत मी परसात ठेवलेली कात्री घंगाळामागे घसरली आणि मलाच सापडेना. दारात पाच-सहा गिऱ्हाइकं. तुम्ही लालबुंद झाला होता.

"जिला कात्री जागंवर ठिवता येत न्हाई, तिच्या हातात मी लोकाचं कापड देनार न्हाई," तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. "तू आपली काज-बटनंच कर."

खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी कटिंग मिळालं असतं. पण मग तुम्ही कात्री गळ्यात बांधून पुन्हा बसला असता. आई पुढे आली, तिने तोंड उघडलं, मी मानेनेच तिला नको म्हटलं. त्या दिवशी शंभर काजं केली आणि एकेका काजाला तुम्हाला शिव्या घातल्या. तुम्ही शब्दाचे पक्के निघालात. मी लग्न होऊन जाईपर्यंत काज-बटणंच केली.

दिवाळीच्या आधी तुम्ही दवाखान्यातून एकटेच चालत आलात. चपलेचा पट्टा पुन्हा पहिल्या भोकात. "गोळ्या लई भारी हुत्या," म्हणालात. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. मलाही हसू आवरेना, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. आता सांगून टाक, कटिंग माग, असं आईने त्या दिवशी मला दोनदा बजावलं. मी नाही सांगितलं.

का नाही सांगितलं, ते आईलाही कधी कळलं नाही. ती समजली, पाय पुन्हा सुजतील या भीतीने. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. भीती नव्हती, नाना. तोवर तुम्ही स्वतःहूनच उठायला लागला होतात, बाजारापर्यंत फेरी मारून यायचात. तरी पुढे दीड वर्ष मी कात्री लपवत होते. कात्री सापडेना की मशीन थांबायचं, आणि तुम्ही घरभर "बाय, ए बाय" करत मला शोधत यायचात. येऊन माझ्याकडे बघायचात. रागानेच, पण माझ्याकडे.