तुमची पाण्याची बाटली

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमच्यावर इतका राग मला तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता. बरं झालं गेलात, असंही एकदा मनात येऊन गेलं. मला त्याची लाज वाटत नाही.

गोदावरीला पूर आला की नाशकात सगळे दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी कुठवर चढलं म्हणून. तुम्हीही बघायचात, पण तुमचं बघणं वेगळं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सायकल काढायचात आणि भर पावसात कारखाना गाठायचात. प्लेटिंग खात्याचे सुपरवायझर तुम्ही. क्रोमचं खराब झालेलं, साठवून ठेवलेलं सगळं पाणी त्या एका दुपारी नाल्यात सोडायचं आणि नाला थेट नदीत. घरी येऊन भाकरी मोडता मोडता म्हणायचात, "गंगामाई सगळं घेऊन जाते." आई तुमचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. ते पाणी पिवळंजर्द व्हायचं आणि मला तो रंग आवडायचा. कुठे घेऊन जाते, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

मग मला दिलीत कुठे, तर सायखेड्याला, नदीच्या खालच्या अंगाला. स्थळ तुम्हीच आणलंत. पाण्याला तोटा नाही, असं चारचौघांत कौतुकाने सांगत होतात. पहिल्यांदा भेटायला आलात तेव्हा सासूबाईंनी तांब्या पुढे केला. तुम्ही हात जोडलेत आणि पिशवीतून नाशिकहून भरून आणलेली बाटली काढलीत. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी आमच्यात चालत नाही, म्हणालात. सासूबाई केवढ्या खूश! व्याही जुन्या वळणाचे आहेत, असं त्या गावभर सांगत फिरल्या.

नात झाली. बारशाला चांदीचे वाळे घेऊन आलात, पेढा खाल्लात आणि पुन्हा बाटलीच काढलीत. मी पोरीला वाटी-चमच्याने पाणी पाजत होते. तुम्ही बघत होतात. मी हसत म्हटलं, आता तर नात झाली ना, प्या की. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सवय झाली गं. तिला उकळून देतेस ना?"

उकळून! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उकळून त्यातलं काय जातं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

यंदा पूर ओसरल्यावर गावाच्या नदीकाठच्या विहिरीपाशी गेले, तर तिथल्या बाभळीत एक निळा ड्रम अडकलेला. कुठल्याशा कारखान्यातून वाहून आलेला, फुटलेला. खालची माती पिवळीजर्द. आईच्या बादलीतलाच रंग तो. शेजारच्या काकू ड्रम धुऊन धान्याला घ्यायला निघाल्या होत्या. मी अडवलं. आणि तिथेच उभ्या उभ्या मला तुमची बाटली आठवली. आप्पा, तुम्हाला माहीत होतं. रीतीभातीच्या आडून तुम्ही माझा केसाने गळा कापलात. नोकरीच्या भीतीने कारखान्यात गप्प बसलात, ते एक वेळ समजू शकते. पण माझ्यापाशी? एका वाक्याचं तर काम होतं.

ड्रम ग्रामपंचायतीने उचलून नेला. विहीर तशीच चालू आहे, गाव तेच पाणी पितं. सांगायचं तर मला कसं कळलं, तेही सांगावं लागेल, आणि तुमचा हार घातलेला फोटो आमच्या ओटीवर आहे. येणारे-जाणारे त्याला हात जोडतात.

हा कागद वहीतच राहणार, म्हणून एक लिहून टाकते. पूर ओसरल्यापासून आमच्याकडे पाण्याचा जार येतो. काकूंनी विचारलं तेव्हा, पाहुणे यायचेत, असं सांगितलं. काल त्यांची नात आमच्या अंगणात खेळत होती. तहान लागली म्हणून ती घरी पळाली आणि मी तिला हाक मारली नाही.