करवतवाल्या माणसाची मिशी

बाई,

ते पुस्तक तुम्ही मुंबईहून आणलं होतंत, तुमच्या भावाच्या मुलीचं. चौलच्या आमच्या शाळेत चौथीतल्या कुणीच एवढं मोठं रंगीत पुस्तक पाहिलेलं नव्हतं. तुम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलात, पानं आमच्याकडे वळवून धरलीत आणि इंग्रजी मजकूर बाजूला ठेवून आपल्याच शब्दांत सांगू लागलात. दूरदेशीचं जंगल, बारा महिने पाऊस, माडाच्या दुप्पट उंच झाडं, फांद्यांवर माकडं. मग पान उलटलं आणि करवती घेतलेली माणसं आली. बहुतेक पाठमोरी. एक जण जरा वळलेला, पण त्याच्याही तोंडावर नुसता तपकिरी रंग, नाक नाही की डोळे नाहीत. पुढच्या पानावर झाडांचे खुंट. "जंगलं आपणच वाचवायची," असं तुम्ही म्हणालात आणि घंटा झाली.

माझा बाबा रेवदंड्याच्या वाटेवर लाकडाच्या वखारीत करवतीवर होता, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो अंगणात उभा राहून अंगावरचा भुसा झटकायचा आणि मी पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचे. त्या दिवशी मी उठलेच नाही. "काय झालं गो? बरं न्हाय काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू जंगल तोडतोस. माकडांना घर न्हाय ऱ्हायलं." तो आधी हसला. आईने चुलीपासूनच मला दटावलं, "त्या लाकडावरच तुझ्या ताटात भात येतो, कळतंय का?" तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने स्वतःच पाणी घेतलं. 

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी आहे, सगळे बाहेर ओरडतायत आणि मी तुमच्या टेबलावरचं पुस्तक उघडून पेन्सिल घेऊन उभी आहे. त्या वळलेल्या माणसाला मी डोळे काढते, नाक काढते, भरघोस मिशी काढते. शेजारी फ्रॉकातली एक मुलगी. तुम्ही कधी मागे येऊन उभ्या राहिलात ते मला कळलंच नाही. "हे काय केलंस? मला परत द्यायचंय ते!" इतक्या मोठ्याने तुम्ही कधी ओरडला नव्हतात. मग तुम्ही वाकून पाहिलंत.

"हा कोण?"

"माझा बाबा."

"आणि ही?"

"मी. त्याला पाणी देतेय."

"बाबा वाईट आहे का गं तुझा?"

"न्हाय." एवढं म्हणून मी रडायलाच लागले.

तुम्ही पुस्तक मिटून छातीशी धरलंत. मग म्हणालात, "मी काल अर्धीच गोष्ट सांगितली."

बाबा कुठे काम करतो ते मला विचारून, शाळा सुटल्यावर तुम्ही मला घेऊन वखारीत आलात. बाबाने घाईघाईने हात सदऱ्याला पुसले, तरी पुस्तक हातात घेतलं नाही, तुम्हीच धरून दाखवलंत. त्याने चित्र बराच वेळ पाहिलं. "मिशी लय मोठी काढलीस," तो मला म्हणाला. मग तुम्हाला विचारलं, "बाई, या बाकीच्यांना बी पोरं असतील ना?" तुम्ही म्हणालात, "असतील." त्यानंतर ते पुस्तक मुंबईला परत गेलंच नाही. वर्गातल्या एकेकाने त्यातल्या एकेका माणसाशेजारी त्याची पोरं काढली, आणि झाडंही राहावीत, या पोरांच्या ताटात भातही यावा, हे कसं जमेल यावर तुम्ही आम्हाला वर्ष संपेपर्यंत भांडू दिलंत.

तुम्ही वखारीत आलात त्या संध्याकाळी मी बाबाच्या सायकलवर पुढे बसून घरी येत होते, तेव्हा तो म्हणाला, "मोठा ओंडका करवतीवर चढवताना मला बी कसंतरी व्हतं गो. सांगायचं कुणाला?" बाबा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याचं दुसरं कुठलंच वाक्य मला इतकं लख्ख आठवत नाही.

परवा माझ्या लेकीने शाळेतून असंच एक पुस्तक आणलं. त्यात माणसं नाहीत, पिवळी यंत्रं आहेत. ती म्हणाली, "आई, आत कोण बसलंय?" म्हणून तिला हे सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तुम्हाला लिहावंसं वाटलं. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. उद्या कपाटात ठेवून देईन. पण बाई, शेवटी तिने विचारलं, "तुझ्या बाई दिसायच्या कशा?" मी म्हटलं, "उंच होत्या." खरं तर तुमचा चेहरा मला आठवत नाही. आणि उंच म्हणावं, तर मीच तेव्हा लहान होते.