मिठाची डबी

बंगळुरू, ४ जानेवारी २०२५

ती. आईस दर्शनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मग ओरडण्यापेक्षा लिहिलेलं बरं. बाबांच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला यंदाही येणं जमेल असं दिसत नाही. रागावू नकोस. आमचा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की ऊन बंद. म्हणून उन्हात असताना आरशांनी मीठ वितळवून ठेवायचं आणि सावलीत त्याच्या उष्णतेवर वीज करायची, एवढीच माझी नोकरी. पण ते मीठ वितळताना फुगतं, थिजताना आकसतं आणि ज्या डबीत भरलेलं असतं ती तडकते. तीन तडकल्या. चौथी चाचणीला लावली आहे. ती गेली तर काम बंद. फार दमले आहे गं.

माया पातळ करू नकोस.

तुझी दर्शना

मोहोपाडा, ११ जानेवारी

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पुड्यातल्या बारीक मिठात काही जोर नसतो, म्हणून खडे मीठ कुरियरने पाठवलं आहे. ते घालून बघ. भन्तेजींना २ फेब्रुवारीचं सांगितलं आहे. खुर्च्या शेजारचा सुमित लावील, जेवणाचं मी बघते. सगळे विचारतील, मुलगी कुठाय? मी काय आभाळाकडे बोट दाखवू? त्या उपग्रहाची सावली सरते तरी, बाई. इथे घरात मी एकटी. मीही दमले आहे.

स्वतःला जप, तेवढंच माझं ऐक.

तुझी आई

बंगळुरू, २२ जानेवारी

ती. आईस सप्रेम जयभीम. वि. वि.

मीठ मिळालं. अगं, आमचं मीठ वेगळं, जिभेला लावलं तर दवाखाना गाठावा लागेल! सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, खूप दिवसांनी.

काल चौथी डबी तडकली. काम बंद झालं. कार्यक्रमाला येते आहे. यायचंच होतं गं, पण असं नव्हतं.

तुझी दर्शना

मोहोपाडा, २७ जानेवारी

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद.

डबी तडकल्याचं वाचलं आणि आधी मला आनंदच झाला. मग तुझं अक्षर पाहिलं, शेवटच्या ओळी पार खाली घसरलेल्या, आणि त्या आनंदाची लाज वाटली. ये. कामाचं कुणी विचारलं तर मी सांगीन, मला ऐकू येत नाही.

येताना ते मीठ परत आण. बरणीत होतं नव्हतं ते सगळं तुलाच पाठवलं. नवं आणायला पाय निघाला नाही, तेव्हापासून आमटी अळणीच खाते आहे.

वाट बघते.

तुझी आई