शेंगांचा सरवा

३ ऑक्टोबर, गुरुवार

पहिल्याच चौकोनात एकशे दहा ग्रॅम शेंगा! चार खुंट्या ठोकल्या, दोन मीटर बाय दोन मीटर सुतळी ताणली, खुरप्यानं माती उकरली. भुईमूग उपटून नेलेलं रान. वरून काही दिसत नाही, सगळं खाली. म्हणजे एकरी क्विंटलभर माल मातीतच राहतोय. मी ज्या संस्थेसाठी ही मोजणी करतेय, तिच्या फॉर्मात त्याला रकाना आहे — ‘वाया गेलेले’.

रान आप्पाराव पाटलांचं, घाटनांदूरच्या शिवारातलं. मी याच गावची, पण अंबाजोगाईला गेल्यापासून या मातीत बसलेच नव्हते. अकरा वर्षं! त्यांच्या बायकोनं, सत्यभामाकाकूंनी, चहा आणला आणि उकरलेल्या मातीकडे बघत उभ्या राहिल्या. आप्पाराव म्हणाले, ‘‘वनमालाची शिवकन्या न्हव तू? लेक काटा घेऊन आली व्हय!’’

आई असती तर हसली असती.

४ ऑक्टोबर

नखांतली माती धुतलीच नाही. वास घेत बसले. वेडी!

५ ऑक्टोबर, शनिवार

बांधावर कडूबाई. आईची जोडीदारीण. केस पांढरे झालेत, चाल तीच.

काढणी झाली की मागं राहिलेल्या शेंगा वेचायला, सरव्याला, दोघी जायच्या. मी मागं मागं. आई टाचेनं ढेकूळ दाबायची, फुटलं की वाकायची. ओटी फुगत जायची. मी निम्म्या शेंगा तिथंच खायचे. ओला दाणा, दुधासारखा गोड. आई ओरडायची, ‘‘पोट दुखंल!’’ आणि स्वतः एक सोलून माझ्याच तोंडात घालायची. दिवस कलला की पाचोळा पेटवून शेंगा भाजायच्या. तोंड काळं, हात काळे, तिघी हसत बसायचो. वर्षभराची चटणी त्या सरव्यातून व्हायची. दिवाळीचे लाडूसुद्धा.

कडूबाईनं माझा काटा निरखून पाहिला. ‘‘हे कावून मोजतीस गं?’’

‘‘वाया किती जातं ते बघायला.’’

‘‘वाया? आमी हाव की!’’

आणि फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

बारा चौकोन झाले. आप्पारावांना आकडा सांगितला. ते उठूनच उभे राहिले. ‘‘क्विंटल? एकरी?’’

मला संस्थेत शिकवल्याप्रमाणं मी सगळं सांगितलं. उपटायच्या आधी हलकं पाणी द्या, माती मऊ होते. उपटल्यावर वखर फिरवा, वर आलेल्या शेंगा मजुरांकडून वेचून घ्या. ते मान डोलवत होते. मला बरं वाटत होतं — कुणीतरी ऐकतंय!

मग म्हणाले, ‘‘आता सरवा बंद. रानात कुणाला येऊ द्यायचं न्हाई.’’

मी खुंट्या गोळा करून निघाले. कशी निघाले मी?

८ ऑक्टोबर

आप्पारावांनी कडूबाईला आणि तिच्याबरोबरच्या चौघींना बांधावरूनच परत लावलं. ती माझ्यासमोरून गेली. रागावली नाही. ‘‘जेवलीस का?’’ एवढंच विचारलं.

रागावली असती तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

आप्पारावांकडे गेले. म्हटलं, त्या बायका नेतात ते वाया जात नाही, पोटात जातं. वखर फिरवायची तर फिरवा, पण आधी एक दिवस त्यांना येऊ द्या.

‘‘तूच सांगितलंस की, माल मातीत चाललाय म्हणून! आन् आता तूच उलटं बोलतीस?’’

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग आत गेल्या.

१० ऑक्टोबर

संस्थेच्या सरांना फोन केला. ‘‘मॅडम, सरव्यासाठी वेगळा रकाना नाही.’’ फॉर्मच्या समासात पेनानं लिहिलं — ‘यातलं बरंचसं गावातल्या बायका वेचून नेतात, खातात.’ खोडतील. खोडू देत.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला कडूबाईकडे गेले. तिनं आपट्याचं पान घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. ‘‘वनमालासारखीच झालीस बघ.’’ लई रडले. सगळं सांगितलं तिला — की आकडा मीच दिला.

‘‘ठाऊक हाय मला,’’ म्हणाली. ‘‘चहा घे.’’

१३ ऑक्टोबर, रविवार

आज रानात ट्रॅक्टर आला, मागं वखर जोडलेली. बांधावर कडूबाई आणि चौघी नुसत्या बघत उभ्या. तेवढ्यात सत्यभामाकाकू आल्या. पदर खोचला, सरळ रानात शिरल्या, ट्रॅक्टरपुढं फतकल मारून बसल्या आणि हातानं माती उकरायला लागल्या. ‘‘या गं बायांनो, बसा!’’

आप्पाराव धावत आले. ‘‘अगं, लोकं काय म्हणतील? पाटलाची बायको सरवा वेचती?’’

काकूंनी मान वर केली नाही. ‘‘लग्नाआधी दर साल हेच केलंय मी. माहेरी चूल ह्यावरच पेटायची. तुमाला कधी सांगितलं न्हाई, एवढंच.’’

चाळीस वर्षांचा संसार! आप्पाराव ट्रॅक्टरपाशी गेले. मग त्यांनी स्वतः ट्रॅक्टर बंद केला.